वसईच्या घंटा

‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोग आपण घरींदारीं सहज करतों. ज्याचा आवाज चार माणसांत उठून ऐकूं येतो, त्यास ही पदवी मिळते. नाशकास गोदाकांठीं नारोशंकराच्या देवळांत ती घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर १७२१ हा इसवी सन आहे. देऊळ बांधलें १७४७ सालीं. म्हणजे घंटा देवळाहून सव्वीस वर्षांनीं वडील! शिवाच्या दारीं हा ख्रिस्ती सन कोठून आला, याचा उलगडा वसईस होतो.

गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. पुढें दोनशें वर्षें हें शहर त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें होतें. तटाच्या आंत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथानें आपापलें चर्च उभारलें. येथला काळा दगड इतका नांवाजलेला कीं तो गलबतांतून गोव्यास जाई. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस चर्चचा दर्शनी भाग वसईच्याच दगडांत घडविलेला आहे.

आज किल्ल्यांत शिरलें म्हणजे सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा प्रथम दिसतो. १६०१ मध्यें त्याचा जीर्णोद्धार झाल्याचा लेख दारावर कोरलेला आहे. जेझुइटांच्या चर्चचें दार मला सर्वांत देखणें वाटतें. दोहों बाजूंस पन्हळी कोरलेले जोडखांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी. घडण युरोपांतील, पण दगड आपला. फ्रान्सिस्कन चर्चमध्यें मात्र पाऊल जपून टाकावें लागतें, कारण तेथील फरसबंदी थडग्यांच्या शिळांची आहे. कोणाचें कुलचिन्ह, कोणाचें नांव, आणि वर छप्पर नाहीं म्हणून चार महिने पावसाचें पाणी!

हें सारें मराठ्यांनीं मोडलें, अशी एक सोपी समजूत आहे. ती पुरती खरी नाहीं. जेमेली कारेरी नांवाचा एक इटालियन प्रवासी १६९५ सालीं येथें आला होता. त्याला त्या वेळींच शहराचा मोठा भाग सांथीमुळें ओस पडलेला दिसला. तटाबाहेरील कसब्याचें वर्णन मात्र तो आनंदानें करतो. बागा, ऊंस, फळझाडें, बड्या लोकांचीं उपवनगृहें आणि मधून मधून चर्चें. शहर खंगत होतें, वाड्या बहरत होत्या.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं वसई घेतली. सुरुंग, भगदाडें, दोन्हीकडील मनुष्यहानि, हें आपण शाळेंत शिकलों आहों. हरलेल्या फौजेस सन्मानानें बाहेर जाऊं दिलें, हें तितक्या आवर्जून कोणी सांगत नाहीं. विजयाची खूण म्हणून चर्चांच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरास एक आहे, तिच्यावर १७२९ हा सन आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्याखालीं, कृष्णेच्या घाटावर, १७०७ ची आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेली मरियम उठावांत काढलेली दिसते.

आपला इतिहास बहुधा येथेंच थांबतो. घंटा गेल्या, गोरे अंमलदार गेले. परंतु वाड्यांतील माणसें कोठें जाणार? तीं येथलींच होतीं. याच वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकीस क्रुसावर गेला व १८६२ मध्यें संत ठरला. त्याची आई याच भूमींतली. सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती कुटुंबांनीं केळी आणि पानवेली राखल्या, आपली बोली राखली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठीं लढा दिला, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

किल्ला सरकारी संरक्षणाखालीं आहे. कारेरीनें पाहिलेल्या वाड्यांस तसें कांहीं कवच नाहीं. रहाट केव्हांच थांबले, आणि आतां विहिरींच्या कडेपर्यंत इमारती येऊन ठेपल्या आहेत. तेव्हां वसईस जाल तर किल्ला पाहून लगेच परतूं नका. निर्मळच्या वाटेनें जा. शंकराचार्यांची समाधि म्हणून पूजिलें जाणारें स्थान आणि चर्च तेथें एकाच गांवांत आहेत, आणि सायंकाळीं दोहींकडील घंटा ऐकूं येतात.