भिंतीची भेग आणि दगडखाण

आपल्या भागातला काळा दगड पूर्वी छिन्नी-हातोड्याने फोडत. मग सुरुंग आले, खडीचे क्रशर आले. काम झपाट्याने होऊ लागलं; धूळ आणि हादरेही वाढले.

२० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. तरी देशभरात लहान दगडखाणी पर्यावरण मंजुरीतून सुटत. २७ फेब्रुवारी २०१२ ला न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही ती सक्तीची केली. मंजुरी म्हणजे मोजमाप आलंच. हवेतल्या बारीक धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. सुरुंगाचा हादरा सेकंदाला किती मिलीमीटर, असा मोजतात. कच्च्या-पक्क्या घरांपाशी मर्यादा ५ ते १५, कंपन कसं आहे त्यावर.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. तेव्हापासून भेग दिसली की प्रश्न पडतो, भूकंपाची की सुरुंगाची? नुसत्या डोळ्यांनी ते सांगता येत नाही. म्हणून आम्ही गटातल्या बायकांना सांगतो: भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख घाला. सुरुंगाचा आवाज आला की वेळ वहीत लिहा. भूकंपाची वेळ सरकारी नोंदीत असते, ती ताडून पाहा. बचतीचा हिशेब ठेवतोच आपण, हाही ठेवू. ग्रामसभेत वही पुढे केली, की यंत्राने मोजणी करा असं ठणकावून मागता येतं.