किल्ल्यावरचं अळीव

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मातीचे किल्ले उभे राहतात. मुलं शिवरायांच्या गडांची नक्कल करतात, त्यातून ही प्रथा आली, असं सहसा सांगितलं जातं. ते चूक नाही, पण त्याने अर्धाच उलगडा होतो. नक्कलच करायची तर ती दिवाळीतच का? शिवजयंतीला किंवा राज्याभिषेकाच्या तिथीला का नाही? गडावर मावळ्यांच्या जोडीला गवळण, बैलगाडी आणि गुहेतला वाघ कशासाठी? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ओल्या मातीवर अळीव पेरून चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा करण्याचा हट्ट कुठून आला? माझ्या मते, या किल्ल्याच्या पोटात कार्तिकातला एक जुना डोंगर आहे. शिवरायांचं नाव त्याला नंतर मिळालं, आणि ते इतकं चपखल बसलं की आधीचं दिसेनासं झालं.

पुरावा अंगणातच आहे. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (1612) आणि काशिनाथशास्त्री उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधु’ (1790) या दोन्ही ग्रंथांत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बळीची आणि गोवर्धनाची पूजा सांगितली आहे. उत्तरेत त्या दिवशी घरोघर शेणाचा डोंगर रचतात, त्यावर गवताचे तुरे खोचतात आणि पायथ्याशी गाई-वासरं मांडतात. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दिवाळीच्या दिवसांत बायका अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. त्यात गाई असतात, ताक घुसळणारी असते, पेंद्या असतो. कुणाच्या डोक्यावर झेंडूचं फूल, कुणाच्या डोक्यावर दुर्वांचा तुरा. हाताने वळलेली माणसं-जनावरं, एक उंचवटा, वर खोचलेली हिरवळ, आणि हे सगळं दाराशी, दिवाळीच्याच दिवसांत. किल्ल्यात यातलं काय नाही? कुंभाराकडून आणलेल्या चित्रांत आजही मावळ्यांच्या बरोबरीने गवळण आणि शेतकरी असतात. गडाच्या लष्करी व्यवस्थेत त्यांचं काय काम, असा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण ती तिथली जुनीच रहिवासी आहेत.

अळिवाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि इथे जरा थांबायला हवं. गवळणींवरची हिरवळ खोचलेली असते, किल्ल्यावरची उगवलेली. ही उगवण्याची सवय किल्ल्याच्या तीनच आठवडे आधी घराघरांत झालेली असते. घटस्थापनेला पत्रावळीवर शेतातली माती पसरून त्यात धान्य पेरतात आणि दसऱ्याला तेच कोंब टोपीत किंवा फेट्यात खोचून मिरवतात. रब्बीच्या पेरणीचे हेच दिवस. किल्ल्यावर मात्र गहू नीट चालत नाही. उतारावरून दाणे घरंगळतात. अळीव भिजलं की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो. तो उभ्या कड्यालाही चिकटून बसतो, त्याला मातीची खोली फारशी लागत नाही आणि दोनेक दिवसांत मोड दिसू लागतात. म्हणून बुरुजाच्या अंगावर, गोणपाटावर थापलेल्या चिखलावर, कुठेही ते उगवतं. मेक्सिकोतल्या चियाच्या बियांचा गुण हाच. अमेरिकेत 1982 पासून विकल्या गेलेल्या मातीच्या मेंढ्याच्या अंगावर जी हिरवी लोकर उगवते, ती याच बुळबुळीतपणाच्या जोरावर. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. ओल्या मातीच्या अंगावर झाड कसं टिकवायचं, या एकाच अडचणीला दोन देशांत सापडलेलं हे उत्तर आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अळीव केवळ डोंगरावरच्या गवतासारखं दिसावं म्हणून पेरतात. त्यात घट आणि रब्बी कशाला? दिसण्यापुरतंच हवं असतं, तर शेवाळ जास्त सोपं होतं. मुलं ते सावलीतल्या भिंतींवरून खरवडून आणून लावतातही, आणि झुडपांच्या प्रमाणात ते अळिवापेक्षा कितीतरी खरं दिसतं. पण शेवाळाला खरी मुळं नसतात. ते पानांतूनच पाणी पितं. कार्तिकातल्या कोरड्या हवेत ते चटकन तपकिरी पडतं, आणि ते जगवायला लागेल इतकं पाणी घातलं तर कच्च्या मातीची तटबंदीच वाहून जाते. म्हणजे अळिवाची निवड व्यवहाराचीही आहे, हे मान्य. पण दिसण्यात ते कमीच पडतं. आठवडाभरात इतकं वाढतं की भाऊबीजेपर्यंत पहारेकरी कमरेपर्यंत बुडालेले असतात आणि दरवाजा शोधावा लागतो. तरी कुणी ते कापत नाही. किल्ला दिसेनासा झाला तरी चालेल, पण उगवायला हवं, ही गवताच्या देखाव्याची ओढ नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गवळणी हा बायकांचा विधी, किल्ला हा मुलांचा खेळ. एकातून दुसरं कसं निघेल? पण आश्विनातच याचा दाखला आहे. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुली पूजा करतात की खेळतात, हे ठरवणं अवघड आहे. गोव्यातल्या नाताळच्या गोठ्यातही असंच दिसतं. येशूजन्माच्या देखाव्यात शेत दिसावं म्हणून तिथली घरं आधीपासून नाचणी किंवा गहू पेरून कोंब काढतात, आणि ते काम बहुधा मुलांकडेच असतं. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सात मातीच्या छोट्या बाहुल्या शेवाळावर मांडतात आणि 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू पेरतात. पेरणीचा काळ, मातीची माणसं आणि लहान मुलं एकत्र आली की विधी आणि खेळ यांची सरमिसळ होते, एवढंच यावरून म्हणता येतं. पण आक्षेपाला तेवढं पुरेसं आहे.

मग शिवराय केव्हा आले? इथे मी तर्कच करतो आहे. महात्मा फुले यांनी 1869 मध्ये शिवरायांवर पोवाडा लिहिला आणि 1873 च्या ‘गुलामगिरी’त बळीला रयतेचा राजा म्हणून उभं केलं. टिळकांच्या पुढाकाराने 1896 मध्ये रायगडावर उत्सव झाला. त्यानंतरच्या पिढ्यांना शाळेत, कीर्तनात, पोवाड्यात गडच गड भेटले. ज्या दिवशी घराघरांत बळीचं राज्य येवो असं म्हणत ओवाळलं जातं, त्या दिवशी डोंगराच्या माथ्यावर एक न्यायी राजा बसवायला रयतेचं मन तयारच होतं. बळीच्या जागी शिवराय बसले तेव्हा कुणाला काही बदलल्यासारखं वाटलं नसावं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यामुळे ही ओळख आणखी पक्की होईल. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टरच्या तयार किल्ल्यांत महाराज, भगवा आणि तोफा सगळं शाबूत असतं. त्यातून गळतात त्या गोष्टी दोनच: गवळण आणि अळीव.