धांवांचा डोंगर आणि हुकलेला चषक

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेंत खेळाची गोष्ट निघाली म्हणजे ती प्रथम तालमीकडे वळते, मग फुटबॉलकडे. क्रिकेटची पाळी बहुधा सर्वांच्या शेवटीं येते. त्यांत नवल नाहीं. पेठेलगतच शाहू महाराजांनीं बांधविलेलें व १९१२ मध्यें पुरें झालेलें खासबागेचें मैदान आहे. तेथें कुस्तीचा निकाल एका क्षणांत लागतो, आणि ज्याची पाठ मातीस लागली त्याच्या डावपेंचांचा हिशेब मग कोणी वेगळा मांडीत बसत नाहीं. क्रिकेटचा व्यवहार निराळा आहे. हा खेळ दोन वह्या ठेवतो. एक संघाची, दुसरी खेळाडूची. दुसऱ्या वहींत कितीहि मोठी रक्कम जमा झाली, तरी पहिलींत खोट यावयाची ती येतेच. या विचित्र व्यवहाराचे ठळक दाखले ज्यांच्या नांवाशीं निगडित आहेत, त्यांतील दोघे कोल्हापुरांतच जन्मले, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

ते दोघे म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर आणि दत्तू फडकर. दोघांचीहि जन्मतारीख १२ डिसेंबर. सालें मात्र १९१९ आणि १९२५. रणजी चषकाच्या १९४८-४९ च्या हंगामांत निंबाळकर महाराष्ट्राकडून खेळले आणि फडकर मुंबईकडून. त्या एका हंगामांत महाराष्ट्राच्या फलंदाजांनीं जो पराक्रम केला, तसा क्वचितच कोणा संघाच्या वाट्यास येतो. आणि तरीहि महाराष्ट्राचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला नाहीं.

डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडशीं सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्रानें केवळ चार गडी गमावून ८२६ धांवा केल्या. निंबाळकर व भांडारकर या जोडीनें दुसऱ्या विकेटसाठीं ४५५ धांवांची भागी करून ब्रॅडमन व पॉन्सफर्ड यांची १९३४ सालची ४५१ ची भागी मागें टाकली. पुढें १९७४ पर्यंत हा विक्रम कोणास मोडतां आला नाहीं. भांडारकर २०५ धांवा काढून बाद झाले. निंबाळकर मात्र ४४३ वर नाबाद उभे होते. सिडनी येथें १९३० मध्यें ब्रॅडमननें केलेल्या नाबाद ४५२ धांवांना मागें टाकण्यास त्यांना दहाच धांवा हव्या होत्या. तेवढ्यांत विश्रांतीची वेळ झाली, आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचें साफ नाकारलें. डाव संपल्याचें जाहीर करा, नाहीं तर आम्ही घरीं जातों, असा त्यांनीं पेंच घातला. आणि अखेर काठेवाडचा संघ सामना सोडून निघून गेला. दिवसेंदिवस चेंडूमागें धांवणाऱ्या संघाचें दुःख समजण्याजोगें आहे. परंतु दहा धांवांस असे किती चेंडू लागले असते? सामना महाराष्ट्राचा झाला, आणि विक्रम ब्रॅडमनचाच राहिला.

संघाची वही येथवर जमेची होती. मार्च १९४९ मध्यें पुण्यासच मुंबईशीं उपांत्य सामना झाला, आणि हिशेब फिरला. मुंबईनें पहिल्या डावांत ६५१ धांवा केल्या. त्यांत माधव मंत्री यांच्या २००, विजय मर्चंट यांचे धाकटे बंधु उदय मर्चंट यांच्या १४३ आणि फडकर यांच्या १३१ होत्या. महाराष्ट्रानें ४०७ केल्या. २४४ धांवांची आघाडी हातीं असतांहि मुंबईनें महाराष्ट्रास लागलीच पुन्हां खेळावयास लावलें नाहीं. निकाल लागेपर्यंत खेळावयाचें, मग घाई कशाला, असाच तो हिशेब दिसतो. स्वतः खेळून तिनें आठ गड्यांच्या मोबदल्यांत आणखी ७१४ धांवांची भर घातली. उदय मर्चंट १५६, फडकर १६०. दोघांचींहि दोन्ही डावांत शतकें झालीं. महाराष्ट्रासमोर आतां ९५९ धांवांचें लक्ष्य उभें राहिलें.

एवढ्या आंकड्यापुढें कोणताहि संघ मनानें आधींच खचून जावा. महाराष्ट्र खचला नाहीं. मधुसूदन रेगे यांनीं पहिल्या डावांत १३३ केल्या होत्या. दुसऱ्या डावांत त्यांनीं पुन्हां शतक पुरें केलें, बरोबर १०० धांवांचें. त्याआधीं थोडेच दिवस, जानेवारींत मद्रासला, त्यांना आपला एकमेव कसोटी सामना मिळाला होता, आणि त्यांत त्यांच्या धांवा झाल्या होत्या पंधरा आणि शून्य. त्या पार्श्वभूमीवर पुण्याचीं हीं दोन शतकें मोलाचीं म्हणावयास हवीं. चौथ्या डावांत महाराष्ट्र ६०४ धांवांपर्यंत जाऊन पोहोंचला, आणि ३५४ धांवांनीं हरला. चार डावांची बेरीज २३७६. प्रथम दर्जाच्या कोणत्याहि सामन्यांत इतक्या धांवा झालेल्या नाहींत. नऊ शतकें झालीं, तीं निराळींच.

श्रोत्यांनीं हे आंकडे क्षणभर कागदावर मांडून पाहावे. महाराष्ट्राच्या दोन डावांची बेरीज १०११ होते. इतक्या धांवा करणारा संघ हरतो तो फलंदाजीमुळें नव्हे. मुंबईच्या १३६५ धांवा झाल्या आणि त्यांत तिचे गडी पडले अठरा. म्हणजे एका गड्यामागें महाराष्ट्रास सुमारें ७६ धांवा मोजाव्या लागल्या. मुंबईनें वीस गडी बाद केले, ते दर गड्यास सुमारें ५१ धांवा देऊन. सारा सामना या पंचवीस धांवांच्या फरकांत आहे. डिसेंबरांत निंबाळकरांची बॅट जेथें तळपली, त्याच पुण्यांत मार्चमध्यें मुंबईच्या बॅटीहि तळपल्या. आणि त्यांना रोखील असा गोलंदाज महाराष्ट्रापाशीं नव्हता. फडकरांसारखा, शतकहि करील आणि नवा चेंडूहि हातांत घेईल असा कोल्हापूरचा गडी मुंबईच्या बाजूस होता, हें महाराष्ट्राच्या दृष्टीनें विशेष सलण्यासारखें.

आठ वर्षांपूर्वीं पारडें उलट झुकलें होतें. १९४०-४१ च्या हंगामांत पुण्यासच मुंबईनें ६५० धांवांचा डाव उभारला, तर पन्नाशीस टेकलेले प्रा. दि. ब. देवधर यांनीं २४६ धांवा काढून महाराष्ट्रास ६७५ पर्यंत नेलें, आणि त्या पंचवीस धांवांच्या आघाडीवर मुंबई बाद ठरली. साडेसहाशें धांवा करून घरीं जाण्याचें दुःख मुंबईनेंहि चाखलेलें होतें.

फडकरांना स्वतःला हा अनुभव परदेशांत आला होता. जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेड येथें ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवा केल्या. सांगलीचे विजय हजारे ११६ आणि फडकर १२३. कृष्णाकांठच्या व पंचगंगेकांठच्या या दोघांनीं १८८ धांवांची भागी केली. दुसऱ्या डावांत हजारे यांनीं पुन्हां १४५ केल्या. परंतु त्याच डावांत भारताचे सहा खेळाडू शून्यावर परतले, आणि भारत एक डाव व १६ धांवांनीं हरला. हजारे यांना तर हें नवें नव्हतें. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यांत हिंदूंविरुद्ध त्यांनीं इतर संघाच्या ३८७ पैकीं एकट्यानें ३०९ धांवा काढल्या. बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धांवांची भागी केली. त्यांत विवेक यांचा वाटा २१ धांवांचा, पण ते दुसऱ्या टोकास टिकले म्हणूनच ती भागी झाली. तो सामनाहि एक डाव आणि ६१ धांवांनीं गेला.

१९४९ च्या अंतिम सामन्यांत मुंबईनें बडोद्यास ४६८ धांवांनीं हरवून चषक नेला. महाराष्ट्र पुढें १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्यें अंतिम सामन्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातानें परतला. रेगे यांना दुसरा कसोटी सामना मिळाला नाहीं. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकहि मिळाला नाहीं. त्यांच्या ४४३ धांवा मात्र भारतीय फलंदाजांत अद्याप सर्वाधिक आहेत. साऱ्या जगांत त्यांच्यापुढें तीनच डाव आहेत, लाराच्या नाबाद ५०१, हनीफ महंमदच्या ४९९ आणि ब्रॅडमनच्या त्या नाबाद ४५२ धांवांचे. निंबाळकर कोल्हापुरांत ११ डिसेंबर २०१२ रोजीं निवर्तले. दुसऱ्या दिवशीं त्यांना त्र्याण्णव वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं.