राघू गेला, लव्हबर्ड आले

गेल्या वर्षी मृगाच्या दोन सरी पडून गेल्या आणि अमरावतीच्या आमच्या घरात रडारड झाली. नातीच्या बोटातून रक्त येत होते. घरात आणून वर्ष झालेली हिरवी पाखरीण तिला कडकडून चावली होती. "आबा, मी त तिले दाणे द्याले गेली होती, काऊन चावली ते?" असे ती हुंदके देत विचारत होती. शेजारच्या काकूंनी निकाल देऊन टाकला, "जात्याच रागीट असल ते. सोडून द्या बाप्पा तिले." मी मात्र क्षणभर गप्प झालो. कारण हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी अकोल्याच्या आमच्या जुन्या वाड्यात मीही विचारला होता. तेव्हा पिंजऱ्यात राघू होता आणि उत्तर द्यायला आबाजी होते.

आपल्याकडे पोपट पाळण्याची चाल किती जुनी म्हणावी? वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत पोपटाला आणि मैनेला बोलायला शिकवणे ही एक कला आहे. शुकसप्ततीत तर पोपटच रात्रीमागून रात्री गोष्टी सांगून घरच्या मालकिणीला घराबाहेर पडण्यापासून रोखतो. इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातल्या एका बोलणाऱ्या पाखराचे वर्णन लिहून ठेवले. ते पाखरू भारतीयांची भाषा बोलते आणि शिकवले तर ग्रीकही बोलेल, असे त्याने म्हटले होते. पुढे शिकंदराचे नाव आपल्या करण पोपटाला इंग्रजी नावातून कायमचे चिकटले. थोडक्यात, जगाला बोलका पोपट ठाऊक झाला तो आपल्याकडचा.

वऱ्हाडात त्याचे आणि माणसाचे नाते दुहेरी. ज्वारीची कणसे दुधात आली की हाच राघू शेतकऱ्याचा वैरी. माळ्यावर बसून गोफण फिरवत, डबे वाजवत त्याला हाकलायचे. आणि त्याच घराच्या ओसरीवर पिंजऱ्यात मात्र त्याला हिरवी मिरची आणि पेरूची फोड. शेतात चोर आणि घरात 'मिठू'. याचे आम्हाला कधी नवल वाटले नाही.

आमच्या आबाजींचा राघू होता कंठवाला, म्हणजे गळ्याभोवती गुलाबी कडे असलेला नर. आबाजी त्याची पंखाची पिसे कातरीत असत. त्या दिवशी तो दिसेल त्याला चावे. मी तक्रार केली की आबाजी म्हणत, "ज्याचं खाते त्यालेच चावते. पाखराची जातच तशी." चातुर्मासात ते ज्ञानेश्वरी वाचीत. सहाव्या अध्यायात नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत येतो. पारधी एक नळी टांगून ठेवतो. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने ती उलटी फिरते. आता सुटलो की पडलो, या भीतीने तो नळी घट्ट धरून ठेवतो. खरे म्हणजे त्याला कोणीच धरलेले नसते. आबाजी हा दृष्टांत फार रंगून सांगत, आणि त्यांच्या डोक्यावर राघूचा पिंजरा टांगलेला असे. त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही, मलाही नाही.

१९६६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा असेन. एका दुपारी, घर निजलेले असताना, मी पिंजऱ्याचे दार उघडून दिले. मला वाटले, तो भुर्रकन उडून जाईल. तो दारापर्यंत आला, चोचीने दाराची तार चाचपली आणि परत दांडीवर जाऊन बसला. शेवटी मीच त्याला काठीने बाहेर ढकलले. पिसे कातरलेली, तो जेमतेम कडुनिंबाच्या खालच्या फांदीपर्यंत पोचला. कावळ्यांनी त्याला तिथे गाठले. मी ते पाहिले आणि घरात कोणाला सांगितले नाही. दार उघडे राहिले असेल, असे सगळ्यांनी धरून चालले. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

राघूचा पिंजरा कायद्याने बंद झाला तो पुढे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर देशी रानपाखरांच्या व्यापाराची वाट बंद झाली. आजही राघू, करण, तुईया यांपैकी कोणताही देशी पोपट घरात ठेवणे हा गुन्हा आहे. चोरून ठेवणारे ठेवतात, तो भाग वेगळा. पण माणसाची पाखरू जवळ बाळगण्याची हौस कायद्याने थोडीच जाते? रिकाम्या पिंजऱ्यात दुसरे पाखरू आले. त्याला आपण सगळे 'लव्हबर्ड' म्हणतो.

हे नावच चुकीचे आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. आपल्या घरात असतात ते बजरिगर, थोडक्यात बजी. लांब शेपटी, मानेवर-पाठीवर नागमोडी काळ्या रेघा, गालावर निळसर ठिपके. हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांतले. १८०५ साली जॉर्ज शॉ याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जॉन गूल्ड हा पक्षितज्ज्ञ १८४० साली ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला परतला तेव्हा त्याने जिवंत बजी बरोबर आणले. त्याचा मेव्हणा चार्ल्स कॉक्सन याने ते हाताने वाढवले होते. पुढे तेरा वर्षांनी, १८५३ साली, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, म्हणजे काळ कोणता ते ध्यानात येईल.

युरोपात हे पाखरू पिंजऱ्यात सहज अंडी घालते असे दिसले आणि त्याचे नशीब ठरले. रानातला बजी हिरवाच असतो. पिवळे, निळे हे रंग माणसाच्या निवडीतून टिकले. निळे पहिल्यांदा बेल्जियममध्ये १८८० च्या सुमारास निपजले. १९२५ साली इंग्लंडात बजी पाळणाऱ्यांची संस्था निघाली. आज आपल्या बाजारात मिळणारे प्रत्येक पाखरू अशा शेकडो पिंजऱ्यांतल्या पिढ्यांमधून आलेले आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात जवळजवळ सगळे पोपट नियंत्रणाखाली असले तरी बजी त्यातून वगळला आहे.

पण पिढ्या पिंजऱ्यात गेल्या तरी अंगातले रान जात नाही. नातीच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच होते.

ऑस्ट्रेलियाच्या त्या मुलखात पाऊस बेभरवशाचा. आपल्यासारखे 'मृग, आर्द्रा' असे पंचांग तिथे नाही. पाणी आणि गवताचे बी जिथे असेल तिथे थवे भटकत जातात. पाऊस झाला, बी पिकले की ताबडतोब झाडाच्या ढोलीत अंडी घालायची. संधी केव्हा येईल ते ठाऊक नसल्यामुळे शरीर बहुतेक वेळ तयारीत असते. आता आमच्या घरी काय झाले होते पाहा. उन्हाळाभर पारा ४५ च्या आसपास. मग एकाएकी पाऊस, हवा गार. दाण्याची वाटी कायम भरलेली. आणि दुकानदाराने पाखरांबरोबर दिलेले मडके आम्ही हौसेने पिंजऱ्यात टांगलेले. अंधारी ढोली, दाणापाणी आणि पाऊस हे तिन्ही एकत्र आले. पाखरीण मडक्यात शिरून बसली आणि त्या मडक्यापाशी नातीचा हात गेला. ती चावली नसती तरच नवल.

नर-मादी ओळखायला सोपे आहे. चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा मऊ भाग मोठ्या नरात निळा असतो, मादीत तपकिरी. मादी अंड्यावर येण्याच्या बेतात असली की तो गडद आणि खरबरीत होतो. आमच्या पाखरिणीचा तसा झाला होता. आम्ही त्याला काहीतरी खपली समजलो.

नर मान वरखाली हलवतो, सतत किलबिलतो, मादीच्या चोचीला चोच लावतो आणि पोटातले दाणे वर आणून तिला भरवतो. ही ओकारी नव्हे, आजारही नव्हे. पुढे अठरा दिवस मादी अंड्यांवर बसणार आणि तिचे खाणे याच्याच चोचीतून येणार, त्याची ही परीक्षा. नराचे गाणे तर नुसते गाणे नाही. बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेने १९६० च्या दशकात दाखवून दिले, की नराचा तो आवाज ऐकूनच मादीच्या अंडाशयाची वाढ होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर आणखी गंमत दिसली. दाण्याची अवघड डबी उघडायला शिकलेल्या नराकडे, आधी त्याला नाकारणाऱ्या माद्याही वळल्या. म्हणजे निवड तिची असते. संगाच्या वेळी नर मादीवर चढून एक पंख तिच्याभोवती टाकतो, सारे काही क्षणांत आटोपते. ते पाहून पुष्कळांना वाटते की पाखरे भांडताहेत, आणि त्यांना वेगळे करायला हात घालतात.

मादी एक दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते. पिल्ले त्याच क्रमाने निघतात, त्यामुळे थोरले आणि धाकटे यांत आठ-दहा दिवसांचे अंतर पडते. पाच आठवड्यांच्या आत-बाहेर ती मडक्याबाहेर येतात. या काळात घरधनीण ती असते. एका मडक्यावर दोन माद्या आल्या तर रक्त निघेपर्यंत भांडतात, एकमेकींची पिल्लेही मारतात. म्हणून जोड्या जितक्या, त्याहून मडकी जास्त आणि सगळी एकाच उंचीवर, असे जाणकार सांगतात. वर्षाच्या आतल्या मादीला अंड्यावर येऊ देऊ नये. वर्षाला दोन वेळांपेक्षा अधिक तर नाहीच. नाहीतर अंड्याच्या कवचासाठी तिच्या हाडातला चुना जातो, अंडे अडकते आणि पाखरू मरते. पिंजऱ्यात समुद्रफेस लावतात तो याच चुन्यासाठी.

चावण्याला राग हे एकच कारण आपण ठरवून टाकतो. पोपटाच्या जातीला चोच म्हणजे तिसरा हात आहे. तो चोचीने धरून चढतो, नवी फांदी आधी चोचीने चाचपतो, मग पाय ठेवतो. आपले बोट ही त्याच्या लेखी एक फांदीच. त्या चाचपण्याला घाबरून आपण हात झटकला की फांदी हलली म्हणून तो खरेच घट्ट धरतो. दुसरे कारण भीती. वरून आलेला हात त्याला शिक्र्यासारखा वाटतो. हात नेहमी समोरून, खालच्या बाजूने, सावकाश न्यावा. तिसरे कारण ढोलीची राखण, ते वर सांगितलेच. आणि एरवी शांत असलेले पाखरू फुगून बसून चावू लागले तर ते आजारी असू शकते, त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

आबाजींचा राघू पंख कातरल्यावर चावे, तो कृतघ्न म्हणून नव्हे. चार हातांनी आवळून धरलेले पाखरू दुसरे काय करणार? आणि दार उघडे असताना तो परत दांडीवर गेला, तो नळीच्या मोहाने नव्हे. उडता येत नाही हे त्याला ठाऊक होते, मला ठाऊक नव्हते.

म्हणूनच नात जेव्हा म्हणाली, "आबा, सोडून देऊ का त्यायले?" तेव्हा मी नाही म्हणालो. पुष्कळ लोक पुण्य म्हणून लव्हबर्ड आकाशात सोडतात. या पाखराच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी रान पाहिलेले नाही. त्याला इथले पाणी, इथला शिक्रा, इथले मांजर माहीत नाही. थव्याशिवाय ते एक-दोन दिवसही काढणे कठीण. ते सोडणे म्हणजे साठ वर्षांपूर्वी मी जे केले तेच. मी तिला त्या दुपारची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "मंग आता आपण काय कराचं?"

मडक्यात अजून अंडे नव्हते. आम्ही ते काढून टाकले, पिंजरा दुप्पट लांबीचा केला, ओसरीच्या तापणाऱ्या पत्र्याखालून आत भिंतीशी आणला. दाण्याची वाटी दिवसभर भरून ठेवणे थांबवून सकाळ-संध्याकाळ मोजून देऊ लागलो. सकाळी दहा मिनिटे नात ज्वारीचे कणीस धरून नुसती उभी राहायची. बोलायचे नाही, हलायचे नाही. तीन आठवड्यांनी पाखरीण कणसावर आली. दिवाळीच्या सुमारास हातावर. येण्याआधी ती अजूनही बोट चोचीने चाचपून पाहते. नात हात मागे घेत नाही.

ही दोघे आहेत तोवर आहेत, असे तिने आपणहून ठरवले आहे. नंतर पिंजरा भंगारात द्यायचा. तोवर रोज सकाळी कडुनिंबावर राघूंचा थवा येतो, त्यांचा ओरडा ऐकून आमची जोडी पिंजऱ्यातून उत्तर देते. आम्ही दोघे चहा घेत ते ऐकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)