‘बलशाली’ मोटारसायकलची फजिती : एर्नेस्तो गेव्हाराचा १९५२ चा प्रवास

१/ ४ जानेवारी १९५२. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरातून दोन मित्र एका जुन्या मोटारसायकलवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाले. आल्बेर्तो ग्रानादो, वय २९, जीवरसायनतज्ज्ञ, कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम केलेला. दुसरा एर्नेस्तो गेव्हारा, वय २३, दम्याचा रुग्ण. वैद्यकीच्या शेवटच्या काही परीक्षा त्याच्या अजून बाकी होत्या. जगाने पुढे त्याला ‘चे’ म्हणून ओळखले. हा धागा मात्र ‘चे’ होण्यापूर्वीच्या एर्नेस्तोचा आहे.

२/ गाडी होती ५०० सीसीची नॉर्टन, १९३९ च्या बनावटीची. नाव ‘ला पोदेरोसा द्वितीय’. पोदेरोसा म्हणजे बलशाली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! तंबू, अंथरूण, भांडी, रिव्हॉल्व्हर असा सारा संसार मागच्या चाकावर लादलेला. त्यामुळे पुढचे चाक ताब्यात राहीना. शिवाय मिरामार येथे राहणाऱ्या प्रेयसीला भेट म्हणून नेलेले कुत्र्याचे पिल्लू. त्याचे नाव ‘कमबॅक’, म्हणजे ‘परत येईन’. पिल्लू पोहोचले, पण पुढे बारिलोचे येथे एर्नेस्तोच्या हाती पडले ते प्रेयसीचे नकाराचे पत्र.

३/ गाडी वाळूत घसरे, चिखलात रुते, वळणावर आडवी होई. सुटलेला प्रत्येक भाग दोघे तारेने बांधत. एर्नेस्तोची तारेवर अपार श्रद्धा होती. पैसे बेताचे असल्याने रात्रीचा मुक्काम कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या गॅरेजात, तर कधी पोलीस चौकीत पडे.

४/ अँडीजच्या पायथ्याशी एका ऑस्ट्रियन गृहस्थाने त्यांना आसरा दिला. या भागात प्यूमा फिरतो आणि तो माणसावरही धावून येतो, असे दोघांना सांगण्यात आले होते. रात्री दार खरडल्याचा आवाज झाला, अंधारात दोन डोळे चमकले आणि एर्नेस्तोने गोळी झाडली. पडला तो यजमानांचा लाडका कुत्रा, बॉबी. घरात रडारड झाली. पुढे गनिमी युद्धावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या नेमबाजीची ही नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे.

५/ सरोवरांच्या मार्गाने ते चिलीत शिरले. पडावात शिरणारे पाणी उपसायचे, या बोलीवर प्रवास फुकट झाला. तेमुको येथे ‘एल ऑस्त्रल’ या वृत्तपत्राने त्यांच्यावर बातमी छापली : कुष्ठरोगाचे दोन अर्जेंटिनी तज्ज्ञ मोटारसायकलने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर! एक ‘तज्ज्ञ’ अजून विद्यार्थीच होता. पण ते कात्रण दाखवताच दारे उघडू लागली. जेवण, निवारा, दुरुस्ती, सारे आदराने मिळू लागले.

६/ आदर टिकवणे मात्र अवघड. लाउतारो गावी गाडी दुरुस्त झाली, संध्याकाळी नाचाचे आमंत्रण आले. चिलीची वारुणी चढलेल्या एर्नेस्तोने एका मेकॅनिकच्या पत्नीला बाहेर येण्याची गळ घातली. तिने आरडाओरडा केला आणि दोन्ही ‘तज्ज्ञ’ जमावापुढे जीव मुठीत घेऊन पळाले.

७/ दक्षिण चिलीतच एका जर्मन कुटुंबाने त्यांना प्रेमाने ठेवून घेतले. रात्री एर्नेस्तोचे पोट बिघडले. पलंगाखालच्या भांड्यात आपली आठवण ठेवून जाणे त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने खिडकीचा आश्रय घेतला. सकाळी खाली पाहतो तो काय? जस्ताच्या पत्र्यावर यजमानांचे पीच फळांचे वाळवण! दोघांनी तत्काळ निरोप घेतला.

८/ येथवर ही गद्धेपंचविशीची गंमत. उतारावर ब्रेक निकामी होऊन गाडी गुरांच्या कळपात घुसली, त्यातूनही दोघे वाचले. पण मालेकोच्या चढावर ‘बलशाली’ने अखेर मान टाकली. ट्रकवर घालून तिला लॉस आंखेलेस गावी नेले आणि पुढे सांतियागोत कायमचे सोडले. दोन महिन्यांतच मोटारसायकलचा प्रवास संपला. उरलेले सुमारे पाच महिने प्रवास झाला तो पायी, ट्रकवर, जहाजावर आणि तराफ्यावर.

९/ या प्रवासातला खरा बदल इथे घडला. गाडी होती तोवर ते साहसी पाहुणे होते. गाडी गेली आणि ते केवळ दोन मळके भटके उरले. आपला दर्जा घसरल्याचे एर्नेस्तोने स्वतःच नोंदवले आहे. ‘सान अन्तोनियो’ जहाजावर ते शौचालयात लपून बसले. पकडले गेल्यावर एर्नेस्तोच्या वाट्याला शौचालये साफ करण्याचे काम आले.

१०/ पण दर्जा घसरला तेव्हाच खालचे जग दिसू लागले. जहाज गाठण्यापूर्वी वाल्पाराइसो येथे त्याने एका वृद्ध मोलकरणीला तपासले. तिलाही दमा होता, वर हृदयविकार. जवळची थोडी औषधे दिली. पण तिला मारत होते ते दारिद्र्य, आणि त्यावर वैद्याकडे औषध नव्हते, हे त्याला उमगले.

११/ पुढे बाकेदानो गावी वाळवंटातल्या कडाक्याच्या थंडीत त्यांना एक खाणकामगार जोडपे भेटले. चिलीत १९४८ पासून कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती आणि नवरा तुरुंग भोगून आलेला. तो गंधकाच्या खाणीकडे निघाला होता. तिथले काम इतके जीवघेणे की मजुराचे राजकीय मत कुणी विचारत नाही. त्या जोडप्याजवळ पांघरायलाही काही नव्हते. या दोघांनी आपले एक पांघरूण त्यांना दिले आणि दुसऱ्यात स्वतः कुडकुडत रात्र काढली. लगेच पुढे त्यांनी चुकिकामाता ही अमेरिकी कंपनीची अजस्र तांब्याची खाण पाहिली.

१२/ पेरूमध्ये माचू पिक्चू, लिमात कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. उगो पेस्से यांचा सहवास, ॲमेझॉनकाठी सान पाब्लोच्या कुष्ठरोग वसाहतीत सेवा. विनोदाने तिथेही साथ सोडली नाही. रुग्णांकडून निरोपादाखल मिळालेला ‘माम्बो-टँगो’ हा तराफा आवरेना आणि उतरायचे लेतिसिया गाव मागे पडले. जुलैत काराकासला दोघांची फारकत झाली. ग्रानादो तिथल्या कुष्ठरुग्णालयात राहिला, एर्नेस्तो परतून १९५३ मध्ये पदवीधर झाला.

१३/ एक सावधगिरी हवी. हे वर्णन एर्नेस्तोने परतल्यावर टिपणांवरून पुन्हा लिहिले. म्हणजे भटक्या तरुणाकडे बदललेला माणूस वळून पाहतो आहे. याच प्रवासातून तो थेट क्रांतिकारक झाला, असे म्हणणेही घाईचे. ग्वातेमालातील १९५४ चा सत्तापालट आणि १९५५ मध्ये मेक्सिकोत झालेली फिदेल कास्त्रोची भेट अजून पुढे होती. शिवाय त्याचा पुढचा मार्ग, त्यातील हिंसेसह, आजही वादाचा विषय आहे.

१४/ तरीही एवढे खरे की ‘बलशाली’ दमदार निघाली असती, तर बाकेदानोची ती रात्र बहुधा तिच्या धुरळ्यात मागे पडली असती. गाडीवरून प्रदेश दिसतो. माणसे दिसायला खाली उतरावे लागते. हे दोघे उतरले नव्हते, गाडीने त्यांना उतरवले. त्या जुनाट नॉर्टनचे इतिहासावर काही ऋण असेल, तर ते तिच्या धावण्याचे नव्हे, बंद पडण्याचे.