पहिला स्क्रू कोणी कापला?

आमच्या प्रयोगशाळेत एक छोटा, हौशी माणसे वापरतात तसा लेथ आहे. त्यावर दांडा गोल कातता येई, पण आटे पाडण्याची सोय नव्हती. हत्यार पुढे सरकवणारा लीड स्क्रू होता. तो हाताने फिरवावा लागे. आटे पाडायचे तर दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला हत्यार नेमके तेवढेच सरकले पाहिजे. हाताला हे साधत नाही. म्हणून दांडा फिरवणारा आस आणि लीड स्क्रू आम्ही दातेरी चाकांनी जोडायचे ठरवले.

तेव्हा एक प्रश्न पडला. लेथवर पडणारे आटे ही लीड स्क्रूच्या आट्यांचीच नक्कल असते. मग पहिला अचूक लीड स्क्रू आला कोठून?

अठराव्या शतकात बहुतेक स्क्रू हातकौशल्यावर होत. प्रत्येक बोल्टला त्याचाच नट बसे. जोडी चुकू नये म्हणून खुणा कराव्या लागत, असे जेम्स नास्मिथ यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. उपकरणांसाठी अचूक स्क्रू कापणारा लेथ जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात केला होता. ही अचूकता कारखान्यात आणली ती लंडनच्या हेन्री मॉड्स्ले (१७७१–१८३१) यांनी.

मूळ स्क्रूसाठी मॉड्स्ले यांनी एक युक्ती केली. मऊ लाकडाच्या किंवा धातूच्या फिरत्या दांड्यावर त्यांनी हिशेबाने तिरपे धरलेले चंद्रकोरी पाते टेकवले. त्या तिरपेपणामुळे पाते आपोआप पुढे सरकत जाई आणि दांड्यावर मळसूत्र उमटे. त्यातला उत्तम नमुना घेऊन पोलादी स्क्रू कापायचा. १७९७ च्या सुमाराच्या त्यांच्या लेथवर वेगळ्या आट्यांसाठी लीड स्क्रूच बदलावा लागे. १८०० च्या सुमारास मात्र लीड स्क्रू तोच ठेवून फक्त चाके बदलणे पुरेसे झाले. त्यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच प्रमाण सुचवले. त्यात पाव इंची बोल्टला इंचाला २० आटे होते.

आम्हाला हवा होता तो नेमका हाच बोल्ट, दुर्बिणीच्या जुन्या तिपाईसाठी. आमचा लीड स्क्रू मात्र एका फेऱ्यात २ मिलिमीटर सरकणारा. इंचाला २० आटे म्हणजे दोन आट्यांमध्ये १.२७ मिलिमीटर, तेव्हा चाकांचे गुणोत्तर हवे १२७:२००. हाताशी ६३ आणि १०० दात्यांची चाके होती. एवढ्या फरकाने काय बिघडते, असे म्हणून आम्ही तीच लावली. अंतर १.२६ झाले. बोल्ट नटात सहज शिरला आणि थोड्याच फेऱ्यांनंतर अडकला. दर आट्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग चूक. दहा आट्यांत ती दहावा भाग झाली होती!

१२७ ही मूळ संख्या आहे. तिचे अवयव पाडून लहान चाकांवर भागवता येत नाही. शेवटी १२७ दात्यांचे चाक करून घेतले, तेव्हा बोल्ट शेवटपर्यंत बसला.

मूळ संख्यांचा उपयोग काय, असे वर्गात कोणी विचारले, तर एक नट-बोल्ट हातात द्यावा आणि हे गणित घालावे. लीड स्क्रू ३ मिलिमीटरचा असेल, तर १२७ मधून सुटका होते का?