पर्पल फेस्ट (गोवा)

पर्पल फेस्ट हा गोव्याची राजधानी पणजी येथे भरणारा, दिव्यांग व्यक्तींना केंद्रस्थानी ठेवणारा महोत्सव आहे. राज्य दिव्यांगजन आयुक्तांचे कार्यालय, समाजकल्याण खाते आणि गोवा मनोरंजन सोसायटी यांनी त्याचा आरंभ केला. पहिला महोत्सव ६ ते ८ जानेवारी २०२३ या काळात झाला. ८ ते १३ जानेवारी २०२४ या काळात त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्यात आले.

स्वरूप

दिव्यांग कलावंतांचे कार्यक्रम, क्रीडास्पर्धा, परिसंवाद आणि साहाय्यक साधनांचे प्रदर्शन ही महोत्सवाची प्रमुख अंगे होत.

कायदेशीर पार्श्वभूमी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. सांस्कृतिक जीवनात व मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याच्या हक्काचे संवर्धन व रक्षण करणे, हे कलम २९ नुसार शासन व स्थानिक प्राधिकरणे यांचे कर्तव्य आहे. कलम ४५ नुसार, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम्य करावयाच्या होत्या. त्यामुळे उतरते मार्ग, सांकेतिक भाषेतील दुभाषे किंवा ब्रेल फलक या सोयी महोत्सवाच्या दिवसांपुरत्या राहून चालत नाहीत. वर्षभर, सर्वत्र उपलब्ध असणे हाच त्यांचा खरा निकष ठरतो.